बोर्डावरचे 30 दिवस

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही लग्नाची नोटीस द्यायला गेलो, तेव्हा मला चौथा महिना होता. सोबत माझी पाच वर्षांची पोट्टी, घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत आणि डब्यात फोडणीचा भात. तो आधीच अर्जुनी स्टेशनवर येऊन उभा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

तो गोठणगावजवळच्या नोरग्येलिंग या तिबेटी वसाहतीतला. ही वसाहत 1972 पासूनची, आम्ही तिला कॅम्पच म्हणतो. आई तिथं रोवणीला जायची, मग मीही जाऊ लागले. पुढचं काय सांगायचं, व्हायचं ते झालं. गावात ‘चपट्या नाकाचा’, ‘चिनी’ असं सुरू झालं. ज्यांचे आजे-पणजे चीनच्या फौजेपुढून जीव घेऊन पळाले, त्यांनाच चिनी म्हणायचं! आईनं एवढंच विचारलं, “पोट्टीले जीव लावते ना? मंग झालं.”

विवाह नोंदणी कार्यालयाच्या खिडकीवर पहिलीच गाडी अडली ती आडनावावर.

“आडनाव?”

“नाही.”

“असं कसं नाही?”

त्याच्या नावातले दोन्ही शब्द त्याचेच, घराण्याचं त्यात काही नाही. जन्म इथलाच, तेव्हा हा गोंदिया नाही, भंडारा जिल्हा होता. पण तो 1 जुलै 1987 नंतर जन्मला आणि आईवडील दोघंही निर्वासित, म्हणून नागरिकत्व नाही. दाखवायला फक्त आरसी, म्हणजे विदेशी म्हणून नोंदणीचा कागद. बाबू ती उलटीपालटी करत साहेबांकडे गेले. अर्ध्या तासानं आले. “रकाना कोरा ठेवा.”

1954 च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस 30 दिवस बोर्डावर लागते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याला थंडीत स्वेटर विकायला बाहेर जायचं होतं, म्हणून आमची घाई. कुणीतरी बोर्डाचा फोटो काढला आणि संध्याकाळी तो गावच्या ग्रुपवर. नाव, वय, पत्ता, सगळं. पोटाचं त्यात नव्हतं, ते लोकांनी जोडलं. महिनाभर मी नळावर पाणी भरायला गेले नाही, आई जायची.

काका हरकत घ्यायला भाड्याची गाडी करून गेले. हरकत चालते ती आधीचा नवरा किंवा बायको जिवंत असून घटस्फोट नसला, वय कमी असलं, मन ठिकाणावर नसलं किंवा जवळचं नातं असलं तरच. जात, धर्म, वंश यावर नाही. गाडीभाडं मात्र गेलं. ऐकून मी खूप हसले, रात्री रडलेही.

आशाताई माता-बाल कार्ड भरताना पतीच्या नावापाशी थांबल्या होत्या. “पेन्सिलनं लिहू का सध्या?” म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता.

साक्षीदार तीन लागतात. आई, त्याचे मामा आणि याच आशाताई. साहेबांसमोर त्यानं मराठीतून म्हटलं, मी हिला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो. ‘कायदेशीर’वर दोनदा अडखळला. मामांनी दोघांच्या गळ्यात पांढरा रेशमी खाता, म्हणजे तिबेटी मानाचा शेला, घातला, पोट्टीनं हट्ट केला म्हणून तिच्याही.

परतीच्या गाडीत आशाताईंनी पिशवीतून कार्ड काढलं. गाडी फार हलत होती, म्हणून सौंदड येईपर्यंत थांबल्या आणि मग पेन्सिलीवरून सावकाश पेन फिरवला.