सकाळी सहाची फुस-फुस

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी बहीण सुरतहून आली. तिला अमळनेर स्टेशनवरून घेतलं आणि आईला मागच्या सीटवर बसवून आम्ही तसेच चोपड्याला मावशीकडे निघालो. बाजारात घागरी, डांगरं आणि आंबे रस्त्यापर्यंत मांडलेले, त्यामुळे गाड्या पुढे सरकेनात. बाहेर मरणाचं ऊन. काचा बंद, एसी सुरू. वीस मिनिटं एकाच जागी उभ्या होतो.

आई म्हणाली, "मन्हं डोकं दुखी राह्यनं. काच खाले कर बरं."

बहीण म्हणाली, "ताई, गाडीत धूर येतोय का गं?"

मला तो वास महिनाभर येत होता. शाळेत जाताना, येताना. गाडी आप्पांची, दहा वर्षांची डिझेल, 1,38,000 किलोमीटर झालेली. या महिन्यात मी ती दोन गॅरेजांत दाखवली होती. एका ठिकाणी एसीचा फिल्टर बदलून आत सुगंधी डबी लावून दिली. दुसऱ्या ठिकाणी खालचा फ्लेक्सिबल पाइप बदलला, तीन हजार दोनशे रुपये घेतले. वास जिथल्या तिथे. पीयूसी तर दोन महिन्यांपूर्वीच पास झाली होती. पण पीयूसीत नळी लावतात ती मागच्या सायलेन्सरला. धूर तिथवर पोचायच्या आधीच मध्ये कुठे फुटत असेल, तर त्या मशिनला ते कळायचं कसं?

आईचं डोकं दुखलं तेव्हा मात्र माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो, पण असतोच. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडं आणि बारीक काजळी. 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. असल्या हवेवर सुगंधी डबी लावून देणं मला अजूनही सहन होत नाही. वास हीच तर एक सूचना होती, आणि तीच झाकून टाकली.

मग मी वहीत लिहायला लागले. वास कधी येतो, कधी नाही. चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. गाडी उभी असली की वास येतो, चाळीसच्या वर वेग गेला की जातो. ब्लोअर बाहेरची हवा घेत असला की जास्त येतो, आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं की कमी होतो. वायपरच्या खाली काळी जाळी असते ना, तिथूनच गाडीत बाहेरची हवा येते, आणि ती जाळी बॉनेटच्या मागच्या कडेला अगदी लागून आहे. गाडी धावत असताना वारा इंजिनाजवळचा धूर खाली-मागे ओढून नेतो. उभ्या गाडीत तो वर चढतो आणि जाळीतून थेट आत येतो. मागच्या पाइपाचा धूर डिकीच्या रबरातून आत येत असता, तर धावत्या गाडीतही वास आला असता. म्हणजे जे काही होतं ते बॉनेटखालीच.

वासाचंही नीट बघावं लागतं. कच्च्या डिझेलचा वास हाताला लागला की साबणानेही जात नाही, तो बहुतेक वेळा इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीच्या, रिटर्न पाइपातून येतो. ऑइल गळून तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या जाड पाइपावर, पडलं की करपल्यासारखा वास येतो. मला येत होता तो या दोन्हींपेक्षा वेगळा. डोळे चुरचुरायचे, घशात खवखव व्हायची. हा जळून झालेला धूर.

आप्पांचं विहिरीवर ऑइल इंजिन होतं. सायलेन्सरचा जोड फुटला की ते उदबत्ती पेटवून जोडाभोवती फिरवायचे. उदबत्तीचा धूर जिथे फटकन बाजूला उडेल, तिथे फट. गाडीत मी उदबत्ती वापरली नाही, कुणी वापरूही नये. डिझेल कुठे पाझरत असेल तर ठिणगी नको. पण आप्पांची दुसरी सवय मला उपयोगी पडली. इंजिन बघायचं ते पहाटे, रात्रभर थंड झालेलं. ते म्हणायचे, तापलं की लोखंड फुगतं, आणि फट लपून बसते.

दोन्ही गॅरेजांत मी गाडी दुपारी नेली होती, शाळा सुटल्यावर, तापलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणात, उघड्यावर, गाडीचं बॉनेट उघडलं. बंद शेडमध्ये हे काम करूच नये. ओढणी काढून ठेवली, केस घट्ट बांधले, कारण पट्टा फिरतो आणि रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो. आधी इंजिनावरचं प्लॅस्टिकचं झाकण ओढून काढलं. त्या दोन्ही गॅरेजांत कुणीही ते झाकण काढलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. झाकणाच्या आतल्या फोमवर एका जागी तळहाताएवढा काजळीचा डाग होता. त्याच्या बरोबर खाली तिसऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर, नखाने निघेना इतका कडक. बाकी तीन इंजेक्टरांपाशी नुसती धूळ.

बहिणीला म्हटलं, स्टार्टर मार. इंजिन सुरू झालं आणि त्याच्या तालावर बारीक आवाज यायला लागला. फुस, फुस, फुस. खात्री करायला शेतातली ठिबकची हातभर नळी घेतली, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं एकेका इंजेक्टरजवळ नेलं. पहिला, दुसरा गप्प. तिसऱ्याजवळ नेताच कोणी कानात फुंकर मारावी तसं झालं. इंजेक्टरच्या वरच्या लोखंडी पाइपांना मात्र हात लावला नाही. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, कॉमन रेलमध्ये, दाब हजार बारच्या वर जातो, बारीक फटीतून उडालेलं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

मग फवारणीच्या बाटलीत भांड्याच्या साबणाचं पाणी केलं आणि इंजेक्टरच्या बुडाशी सोडलं. काळ्या थराच्या कडेने फेस आला, आणि प्रत्येक फुस बरोबर एक बुडबुडा फुगायचा, फुटायचा, परत फुगायचा. बहीण सीटवरून उतरून बघायला आली. इंजिनाच्या पोटातला दाब असा डोळ्यांसमोर श्वास घेत होता. पंधरा मिनिटांनी इंजिन तापलं आणि आवाज विरत गेला. बुडबुडे नीट बघितले तरच दिसत होते. दुपारी कुणाला काय ऐकू येणार होतं?

गावात ट्रॅक्टरचे पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांना मोबाइलवर काढलेला आवाज ऐकवला, तसे ते म्हणाले, गाडी रात्रीच आणून ठेव, थंडीच खोलू. रात्री त्यांनी इंजेक्टरच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं. तरी सकाळी तिसरा इंजेक्टर निघता निघेना. स्लाइड हॅमर लावून अर्धा तास हळूहळू ठोकावं लागलं. निघाला तेव्हा त्याच्या टोकाचं तांब्याचं वायसर, फट बंद ठेवणारी चकती, त्यांनी माझ्या हातावर ठेवलं.

"दख बेटी, आठे जयेल शे." बघ, इथे जळलंय.

लाल तांब्यावर एका बाजूला काळी रेघ, आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत. एवढ्याशा रेघेतून महिनाभर धूर येत होता.

कारणही तिथेच सापडलं. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी इंजेक्टर काढून साफ केले होते आणि जुनीच वायसरं परत बसवली होती. तांब्याचं वायसर एकदा दबून सीटवर, म्हणजे इंजिनातल्या त्याच्या बैठकीवर, बसलं की त्याचा नरमपणा जातो. दुसऱ्यांदा ते सीटला तसं धरत नाही. चार नव्या वायसरांना दोनशे रुपयेही लागले नाहीत. चाचांनी चारही इंजेक्टर काढले, प्रत्येकावर खडूने नंबर घातला, कारण प्रत्येकाचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्या जागेप्रमाणे भरलेला असतो. भोकात कापडाचा बोळा घालून सीट कटरने काजळी खरवडली, कचरा व्हॅक्यूमने ओढला, मग टॉर्क पान्याने नवे बोल्ट बसवले. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर धुराने हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली, सीटच खाल्ली असती आणि हेड उतरवावं लागलं असतं, असं ते म्हणाले.

एक गोष्ट त्यांनी न विचारता दाखवली. बॉनेटच्या मागच्या कडेला रबराची लांब पट्टी असते, इंजिनाकडची हवा त्या जाळीकडे जाऊ नये म्हणून. आमची पट्टी उन्हाने कडक होऊन मधोमध वीतभर तुटली होती, बरोबर ड्रायव्हरसमोर. धूर इंजेक्टरने सोडला, आणि त्याला आत यायची वाट या पट्टीने दिली. तीही बदलली.

संध्याकाळी अंगणात गाडी सुरू ठेवली, ब्लोअर बाहेरच्या हवेवर केला, काचा बंद करून वीस मिनिटं आत मी एकटी बसले. आईला बसू दिलं नाही. ती पायरीवर बसून दर दोन मिनिटांनी विचारत होती, "ई राह्यना का वास?" नव्हता येत.

तिसऱ्या इंजेक्टरभोवतीची जागा मी कापडाने पुसून लख्ख केली आहे. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण काढून तिथे बोट फिरवते. काल पाचवा रविवार होता. बोटाला धूळ लागली, काजळी नाही.