दगडफुलाखालची अशनी

अशनी, म्हणजे अवकाशातून पडलेले दगड, शोधणाऱ्यांमध्ये नवख्याला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं: दगडफूल दिसलं की दगड सोडून द्यायचा. मीही सहा वर्षं तेच करत आलो. कारणही पटण्यासारखं आहे. ताजी पडलेली अशनी काळीभोर असते. हवेतून येताना तिचा पृष्ठभाग वितळतो आणि लगेच थिजतो, त्यामुळे तिच्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची साल तयार होते. त्या सालीवर काही उगवायला वेळच मिळालेला नसतो. दगडफूल, शास्त्रीय मराठीत शैवाक, फार सावकाश वाढतं. काही जाती वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा पसरत नाहीत. मग बोटाच्या पेराएवढे चट्टे असलेला दगड इथलाच, असं आपण चालता चालता ठरवून टाकतो.

पण दगडफुलावरून कळतं ते इतकंच की हा दगड बरीच वर्षं जागचा हललेला नाही. तो कुठून आला, हा प्रश्न तसाच उरतो.

एका उंच, उघड्या माळावर दमून बसलो होतो. पायाशी मुठीपेक्षा थोडा मोठा दगड होता, वर पिवळट हिरवे आणि नारिंगी चट्टे. सहज बुटाने उलटला तर अपेक्षेपेक्षा जड लागला. खालची बाजू गंजकट तपकिरी होती. एका कडेला नखाएवढा काळा तुकडा चिकटून होता, त्यावर भेगांची बारीक जाळी. वरचं दगडफूल आणि खालचा गंज यांच्यामध्ये दगडाभोवती एक स्पष्ट रेघ होती. तिच्याखालचा भाग मातीत रुतलेला, वरचा उन्हावाऱ्यात. ती रेघ पाहून मला वाटलं की दगडाने आपण कसे पडून होतो ते लिहूनच ठेवलंय.

आणि मी तो आधीच उलटला होता. जमिनीवरचा खळगा दिसत होता म्हणून तसाच परत ठेवला, पट्टी लावून फोटो काढले, उत्तर दिशा कागदावर मांडली, जीपीएसची नोंद घेतली. हे सगळं उलटण्याआधी करायचं असतं. जमिनीच्या मालकाची परवानगी होती. ती नसेल, किंवा तिथल्या कायद्यानुसार अशनी सरकारच्या मालकीची असेल, तर फोटो काढून दगड जागेवरच सोडावा आणि कळवावं.

घरी वजन भरलं 412 ग्रॅम. इथे माझ्या हातून जी चूक झाली ती सविस्तर सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येकाला हाच मोह होतो. खाली काळी साल आहे का ते पाहायचं म्हणून मी एका कोपऱ्यावरचं दगडफूल कडक ब्रशने घासलं. ते निघालं, पण एकटं नाही. ब्रशखाली काळी पूड दिसली आणि भिंगातून पाहिलं तर त्या जागी साल उरलीच नव्हती, खालचा राखाडी दगड उघडा पडला होता. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. त्यातल्या बुरशीचे तंतू दगडाच्या फटींमधून आत शिरतात, आणि अनेक जाती ऑक्झॅलिक आम्लही सोडतात. सालीत आधीच भेगा असतात. तंतू त्या भेगांमधून जाऊन सालीला खालून धरतात, म्हणून वरचं ओढलं की साल घेऊनच येतं. सुमारे दोन चौरस सेंटिमीटर साल मी अशी घालवली. तिची भरपाई होत नाही.

लोहचुंबकाचंही तसंच. दोऱ्याला बांधलेला चुंबक दगडाकडे ओढला गेला तेव्हा आनंद झाला. पण तीव्र चुंबक टेकवला की दगडात कोट्यवधी वर्षं जपलेली चुंबकीय नोंद पुसली जाते. त्याऐवजी चुंबकग्राह्यता, म्हणजे दगड चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते, मोजणारं छोटं उपकरण मिळतं, ते वापरावं.

मग मात्र मी थांबलो. ब्लीच, व्हिनेगर, साबण, तारेचा ब्रश, सगळं बाजूला ठेवलं. ब्लीचमधलं क्लोरीन आत मुरलं की क्लोराइडमुळे लोखंडाचा गंज वाढतच जातो. माती तेवढी कोरड्या मऊ ब्रशने झटकली. दगडफुलाला हात लावला नाही. उघड्या पडलेल्या कोपऱ्याचा एक कण सँडपेपरवर घासून भिंगाखाली धरला, तर राखाडी पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके चमकले. शेजारी मोहरीहून लहान एक गोल दाणा होता, कडा थोड्या पुसट. लोह-निकेलचे कण आणि कॉन्ड्र्यूल, म्हणजे अशनीतला गोल दाणा! असे गोल दाणे पृथ्वीवरच्या खडकात सापडत नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे महिने पत्रव्यवहारात गेले. दोन ठिकाणांहून उत्तर आलं नाही, तिसऱ्या प्रयोगशाळेने दगड बघायला होकार दिला. अशनीला अधिकृत नाव हवं असेल तर नमुन्याचा एक भाग मान्य संग्रहात ठेवावा लागतो: 20 ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या 20 टक्के, यातलं जे कमी असेल ते. माझ्या बाबतीत 20 ग्रॅम. मी एकच विनंती केली, काप दगडफुलाच्या बाजूने घेऊ नका. त्यांनी गंजकट टोकाकडून घेतला, आणि दगडफूल सुटं पाहण्यासाठी आधीच निखळलेली खपली वेगळी ठेवली.

कापाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती करून ती ध्रुवित प्रकाशात पाहिली गेली. ऑलिव्हिन या खनिजात फायालाइट, म्हणजे त्याचा लोहयुक्त घटक, 24.6 टक्के, म्हणून गट एल (कमी लोखंडाचा). दाणे ओळखू येतात पण कडा विरघळलेल्या, म्हणून प्रकार 5. धातूचा निम्म्याहून बराच जास्त भाग गंजात बदललेला, म्हणून झिजेच्या श्रेणीत डब्ल्यू 3. सगळ्यात साधी म्हणतात तसली कॉन्ड्राइट, म्हणजे असे गोल दाणे असलेली दगडी अशनी. मला ती साधी वाटत नाही.

खपली पाहणाऱ्या शैवाकतज्ज्ञ बाईंनी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब नारिंगी भागावर टाकला. तो क्षणात गडद जांभळा झाला. त्यात पॅरिएटिन हे रंगद्रव्य असल्याची ती खूण. काळ्या रेघांनी नकाशासारखं विभागलेलं पिवळट हिरवं ते ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम. नारिंगी ते झँथोरियाच्या कुळातलं. 2005 मध्ये फोटॉन-एम 2 या यानावर बाहेरच्या बाजूला ठेवून ऱ्हायझोकार्पन जिओग्राफिकम आणि झँथोरिया एलिगन्स या जाती सुमारे दोन आठवडे थेट अवकाशात उघड्या ठेवल्या होत्या. परतल्यावर दोन्ही जिवंत होत्या. हे ऐकलं की लोक लगेच विचारतात, मग हे दगडासोबत वरूनच आलं का? नाही. जी साल वितळून तयार झाली, तिच्याच भेगांमध्ये तंतू शिरले आहेत. म्हणजे आधी साल, मग दगडफूल. ते इथलं आहे.

चट्ट्यांच्या मापावरून दगड केव्हा पडला ते काढता येईल का, हेही मी विचारलं. मोठा चट्टा 31 मिलिमीटरचा होता. पण त्या माळावर ही जात किती वेगाने वाढते याचा आलेख नाही, आणि असता तरी त्यातून किमान मुदतच कळली असती, कारण पडल्यावर किती वर्षांनी पहिलं दगडफूल रुजलं ते कोण सांगणार? खरा काळ हवा तर कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, मोजावा लागतो. अवकाशात विश्वकिरणांनी तयार झालेला कार्बन-14 पृथ्वीवर पडल्यापासून 5,730 वर्षांनी निम्मा होतो. त्यात दगडफुलाचा ताजा कार्बन मिसळू नये म्हणून नमुना आधी तापवून स्वच्छ करतात. ते मी अजून केलेलं नाही. आणखी तुकडा द्यायला मन होत नाही.

आता दगड बंद डब्यात आहे, सोबत सिलिका जेल. इथेच माझी अडचण आहे. आतल्या लोखंडाला कोरडेपणा हवा, दगडफुलाला दव आणि उजेड. दोघांचं एकत्र भलं होत नाही. मी लोखंडाच्या बाजूने निर्णय घेतला, आणि तो घेताना वाईट वाटलं. वाळलेलं दगडफूल बराच काळ निद्रिस्त राहू शकतं, पण कायम नाही. दर महिन्याला जेल बदलताना त्याच कोनातून, त्याच दिव्याखाली फोटो काढतो. हिरवा रंग चौथ्या महिन्यापासून फिकट पडू लागलाय. नारिंगी अजून तसाच आहे.