काकांचं वजन सोमवारीच कमी का भरतं?

मी एका मोठ्या हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही, पण दोघांच्या मधे फाईल घेऊन लुडबुडणारी बाई असते ना, ती मी. पेशंटला वाटतं मी इन्शुरन्सवाली, वॉर्डातल्या मावशींना वाटतं ऑडिटवाली. पेशंटला अभ्यास समजावून सांगायचा, संमतीपत्रावर सही घ्यायची, एक कॉपी त्याच्या हातात द्यायची आणि डिस्चार्ज झाला की महिनोन्‌महिने त्याला फोन करत राहायचं. यातला निम्मा वेळ मी लोन विकत नाहीये हे पटवण्यातच जातो.

सध्या जो अभ्यास चालू आहे तो हार्ट फेल्युअरचा. नवीन औषध वगैरे काही नाही, फक्त बघायचं की घरी गेल्यावर या लोकांचं होतं काय, किती जण ३० दिवसांत परत अ‍ॅडमिट होतात आणि का होतात. या आजारात हृदय बंद पडत नाही, त्याची रक्त ढकलायची ताकद कमी होते, मग किडनी मीठ-पाणी धरून ठेवायला लागते, पाय सुजतात, जिना चढताना दम लागतो आणि फारच साठलं की पाणी फुफ्फुसात जातं, माणसाला आडवं होता येत नाही, उशीला टेकून बसून रात्र काढतो. म्हणून लघवीची गोळी देतात आणि रोज सकाळी वजन करायला सांगतात, कारण दोन-तीन दिवसांत अचानक दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं.

तर हे काका. वय ५८, बदलापूरला राहतात, मस्जिद बंदरला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात क्लार्क. (त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्यात.) आमच्या अभ्यासात आल्यापासून परत परत अ‍ॅडमिट होत होते. यायचे ते धापा टाकत, दोन-तीन दिवसांत पाणी उतरायचं, हसत घरी जायचे आणि काही आठवड्यांनी परत हजर. राउंडला प्रत्येकाचा संशय मिठावर. लोणचं खाता का, पापड खाता का, सुकी मच्छी, फरसाण, वडापाव? रेसिडेंट डॉक्टरनी एकदा काकूंना इतकं सुनावलं की त्या ताडकन म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या घरात पापड लग्नाकार्यालाच तळतात, आणि भाजीत मीठ नाही म्हणून मुलगा माझ्याशी भांडतो, आता अजून काय करू?"

आणि गोळ्यांचा हिशोब एकदम चोख. आम्ही रिकाम्या स्ट्रिपा परत मागतो आणि मोजतो, तर काकांच्या कधी एक गोळी इकडची तिकडे नाही. फॉर्मवर प्रश्न आहे, औषध घ्यायला विसरता का? नाही. बरं वाटलं की बंद करता का? नाही. सगळ्याला नाही, म्हणजे पेशंट नंबर एक. मग उरतं काय, आजार वाढलाय. रेसिडेंटचं म्हणणं होतं गोळीचा डोस डबल करू या.

त्या दिवशी काका-काकू ओपीडीत फॉलोअपला आले होते. वजनासाठी आम्ही पेशंटला एक छापील तक्ता देतो, एकाखाली एक तारखा. काकूंनी तो घरी कुठेतरी ठेवला होता आणि सापडत नव्हता, म्हणून त्यांनी सरळ भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फाडून आणली. वार ओळीनं छापलेलं कॅलेंडर, प्रत्येक चौकोनात बॉलपेननी वजन लिहिलेलं, शेजारी दूध अर्धा लिटर जास्त, सिलेंडर आला, संकष्टी, भिशीचे पैसे, सगळा संसार तिथेच. मला ते आकडे आमच्या फॉर्मवर उतरवायचे होते. आता आमच्या फॉर्मवर आठवड्याचं सरासरी वजन लिहायचं असतं, त्यामुळे मी एकेक आठवडा बेरजेला घेतला आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यालाच लक्षात आलं की सोमवारची अख्खी ओळ हलकी आहे. सोमवार ६१.४, मंगळवारी थोडं जास्त, बुधवारी आणखी, शनिवारी ६३.६, आणि पुढचा सोमवार परत ६१ च्या आसपास. मागचं पान काढलं, तेच. मग गणपतीचा महिना काढला. काकांनी पाच दिवसांच्या गणपतीला रजा टाकलेली, त्या दिवसांत वजन सगळ्यात कमी! मोदक, वाटली डाळ, पाहुणे, सगळं असूनही. मग मी फाईल उघडून अ‍ॅडमिट झाल्याच्या तारखा बघितल्या. शुक्रवार रात्र, शनिवार रात्र, शुक्रवार रात्र.

मला त्या क्षणी कारण कळलं नव्हतं, खरं सांगते. एवढंच कळलं की आजाराला वार कळत नाही, वार माणसाला कळतात.

"काका, सोमवारी काय वेगळं असतं हो?"

"सोमवारी काय असणार? रविवारी सुट्टी असते." आणि हे बोलून ते एकदम गप्प झाले, काकूंकडे बघायला लागले. मी काकूंना म्हटलं, केसपेपरवर तेवढा शिक्का मारून आणता का खिडकीवरून, तिथे गर्दी असते, जरा वेळ लागेल. शिक्का लागणारच होता, पण त्याच मिनिटाला लागत नव्हता.

काका बराच वेळ वजनकाट्याकडे बघत बसले आणि मग बोलायला लागले. पहिल्यांदा डिस्चार्ज झाल्यावर ते सांगितल्याप्रमाणे सकाळी सातला लघवीची गोळी घ्यायचे आणि पावणेआठची लोकल पकडायचे. ही गोळी तासाभरात काम सुरू करते, पहिले दोन-तीन तास जोर सगळ्यात जास्त. बदलापूर ते सीएसएमटी दीड तास, वर फास्ट गाडी मस्जिदला थांबत नाही म्हणून सीएसएमटीला उतरून उलटं चालत यायचं. लोकलला टॉयलेट नसतं. मधे उतरायचं म्हटलं तर त्या गर्दीत दारापर्यंत पोचणंच कठीण, उतरलात तर परत चढणं त्याहून कठीण, आणि ऑफिसात लेटमार्क. सुरुवातीला ते ठाण्याला उतरायचे, तिथल्या लाईनीत उभे राहायचे. मग एके दिवशी मुंब्र्याच्या पुढे गाडी उभी राहिली, सिग्नल का काय ते, राहिली ती राहिलीच.

"बॅग पुढे धरून ऑफिसला गेलो," एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, "त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गोळी खिशात. घरी असलो की घेतो."

काकू रोज सकाळी स्वतः गोळ्या काढून त्यांच्या तळहातावर ठेवायच्या, म्हणून स्ट्रिपा रिकाम्या आणि आमचा हिशोब चोख. बाकीच्या गोळ्या काका प्रामाणिकपणे गिळायचे, ही एकच बोटांच्या फटीत धरून शर्टाच्या खिशात आणि तिथून रुळावर. खोटंही कुठे बोलले नव्हते ते. विसरता का विचारलं, नाही म्हणाले. विसरत नव्हतेच. बरं वाटलं म्हणून बंद केली का, तर तसंही नाही. न घेण्याचं तिसरं काही कारण असू शकतं, हे आमच्या फॉर्मच्या गावीच नव्हतं.

काकू शिक्का घेऊन आल्या तेव्हा काकांनी स्वतःच सांगितलं. मला वाटलं आता भांडण होतंय. तर त्या म्हणाल्या, "तरीच! तरीच धुताना खिशात पांढरा लगदा निघायचा, मला वाटलं पेपरमिंट खाता चोरून."

सरांना, म्हणजे अभ्यास ज्यांचा आहे त्या डॉक्टरांना, आत जाऊन सांगितलं. सर काकांना एक शब्द रागावून बोलले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, ऑफिसात सोय आहे का? आहे, मजल्याला एक, चावी वॉचमनकडे. मग ठरलं असं की बाकीची औषधं सकाळी आहेत तशीच, लघवीची गोळी ऑफिसात पोचल्यावर साडेदहाला चहाबरोबर. तिचा असर साधारण सहा ते आठ तास, त्यामुळे संध्याकाळची गाडी पकडेपर्यंत बरीचशी ओसरलेली असते. एक गोळी कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत. रजेच्या दिवशीही तीच वेळ. डोस डबल करायचा विषय तिथेच संपला, आणि तो झाला असता तर काय झालं असतं ते सर बाहेर येऊन रेसिडेंटला समजावत होते: सोमवार ते शनिवार शून्य आणि रविवारी एकदम दुप्पट, म्हणजे बीपी खाली, पोटॅशियम खाली, चक्कर येऊन पडायची पाळी. (हे वाचून कोणी आपल्या मनानं गोळीची वेळ बदलू नका, प्लीज, डॉक्टरला विचारा. पण विचारा नक्की, लाजू नका.)

त्या रात्री ट्रेनमधे मला एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ३० दिवसांत परत अ‍ॅडमिट होणं हे माप एवढं गाजलं ते अमेरिकेमुळे, तिथे २०१२ पासून असे पेशंट जास्त परतले तर मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्य विमा, हॉस्पिटलचे पैसे कापतं. त्या विम्यात मुख्यतः पासष्टीपुढची माणसं. तिकडच्या मोठ्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत (अनेक हॉस्पिटलांतल्या पेशंटच्या एकत्र नोंदी) पेशंटचं सरासरी वय ७२ च्या घरात आहे. आणि आपल्याकडे? २०१३ ची त्रिवेंद्रम रजिस्ट्री बघा, १२०५ पेशंट, सरासरी वय ६१. नंतर आलेली राष्ट्रीय रजिस्ट्री, ५३ हॉस्पिटलं, दहा हजारांवर पेशंट, तिथेही साठच्या आसपास, आणि ९० दिवसांत १०० पैकी १४ जण गेलेले. आपल्याकडे हा आजार दहा वर्षं आधी गाठतो हे आम्ही प्रत्येक प्रेझेंटेशनमधे दुसऱ्या स्लाईडवर टाकतो आणि पुढे जातो. दहा वर्षं आधी म्हणजे काय, तर आपला पेशंट अजून रिटायर झालेला नाही. तो डिस्चार्ज कार्ड घेऊन आरामखुर्चीत जात नाही, पावणेआठच्या गाडीला जातो. आणि आम्ही कार्डावर छापतो, सकाळी एक गोळी, भरपूर विश्रांती.

काकांची पुढची कॅलेंडरची पानं आली ती बरीच सपाट होती, सोमवार आणि शनिवारात फारसा फरक नाही. तेव्हापासून आजपर्यंत अ‍ॅडमिट झालेले नाहीत. आता एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच नवीन मुलांना शिकवते, त्यामुळे इथेही तेच म्हणते.

पण फॉर्म बदलायला काय हरकत होती? सरांना म्हटलं, एक प्रश्न वाढवू: अशी कुठली गोळी आहे का जी तुम्ही मुद्दाम टाळता, आणि कुठल्या वेळी? एक प्रश्न वाढवायचा म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटणार नाही. अभ्यासात दुरुस्ती म्हणून एथिक्स कमिटीकडे अर्ज, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही फॉर्म नव्याने, प्रत्येकावर नवीन व्हर्जन नंबर आणि तारीख, मग कमिटीची मीटिंग, मग त्यांची शंका की हा प्रश्न पेशंटला अवघडवेल का. कमिटीतल्या एक बाई, डॉक्टर नव्हे, बाहेरच्या सदस्य असतात ना तशा, त्या म्हणाल्या की पेशंटला एकट्याला विचारा, घरच्यांसमोर नको. एवढी अट घालून मंजूर झालं. चांगली अट होती.

आणि मग उत्तरं यायला लागली. घरकाम करणाऱ्या एक मावशी, पाच घरांत भांडी घासतात, त्यातल्या एकाही घरात त्यांना टॉयलेट वापरू देत नाहीत, म्हणून गोळी नाहीच आणि वर पाणीही पीत नाहीत. एक टॅक्सीवाले काका, गाडी कुठे लावायची, टोइंगवाला उचलतो. एटीएमवर बसणारे एक सिक्युरिटी गार्ड, जागा सोडली तर पगार कापतात. एक बेस्टचे रिटायर्ड कंडक्टर मात्र म्हणाले, मी आयुष्यभर दाबूनच काढलं, आता घरी आहे, मजेत घेतो.

आता स्टॅटिस्टिशियन माझ्यावर वैतागलाय. एवढी वाक्यं घेऊन मी करू काय, म्हणतो, सगळी 'इतर कारणे' या एकाच कोडमधे टाकतो. मी म्हटलं टाकून तर बघ. सध्या आमचं यावरच जुंपलंय, मी टॉयलेटला वेगळा कोड मागतेय, आणि शुक्रवारच्या मीटिंगला सर काय ते ठरवणार आहेत.