आजोबांची ठासणी आणि कोलोरॅडोचा परवाना

चिपळूणजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरं भातात शिरली की ते नळीत दारू ओतायचे, गजानं ठासायचे, बार पेटवणारी टोपी चढवायचे. आम्हा पोरांना हात लावायची सोय नव्हती. चाळीस वर्षांनी अमेरिकेत, टेक्सासातल्या ह्यूस्टनमध्ये, म्यूल डिअरच्या शिकारीसाठी मी स्वतःची ठासणी घेतली, .५० कॅलिबरची. दुकानदारानं तिच्याबरोबर दुर्बीण, दारूचे तयार पेलेट (वड्या) आणि सॅबो, म्हणजे प्लास्टिकच्या टोपणातल्या गोळ्या, असा अख्खा संच गळ्यात मारला.

घरी येऊन कोलोरॅडो राज्याची शिकारीची नियमपुस्तिका उघडली, कारण शिकारीला तिथेच जायचं होतं. तिथल्या ठासणीच्या हंगामात दुर्बीण चालत नाही, पेलेट चालत नाहीत, सॅबोही नाही. सुटी दारू मापून ओतायची आणि नळीवरच्या उघड्या, बिनभिंगाच्या साइटवरून नेम धरायचा. थोडक्यात, आजोबांची पद्धत. पैसे गेले ते गेलेच.

म्यूल डिअर म्हणजे खेचरासारख्या लांब कानांचं हरीण. टेक्सासातही आहेत, पण पश्चिमेकडे आणि बहुतेक खासगी रँचवर. तिथले दर ऐकून मी फोन ठेवला. सरकारी जंगल हवं तर राज्याबाहेर जाणं आलं. वायोमिंग राज्याच्या वाइल्डरनेस भागात, म्हणजे रस्ते नसलेल्या राखीव रानात, बाहेरच्या माणसाला मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी गाइड किंवा तिथला रहिवासी सोबत घ्यावा लागतो. कोलोरॅडोत तशी अट नाही, म्हणून कोलोरॅडो.

मग परवान्यासाठी अर्ज, कारण परवाना सोडतीत मिळतो. हंगाम सप्टेंबरात, पण अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. त्याआधी हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, कार्ड हवं (१ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना ते लागतं, टेक्सासचं चालतं). गंमत म्हणजे सोडतीत नाव घालायलाही आधी एक वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. अर्जात भरायचा हंट कोड बघून तर मला पॅन कार्डाची आठवण झाली. सुरुवातीचा डी म्हणजे डिअर, एम म्हणजे नर, मधले तीन आकडे शिकारीच्या विभागाचे आणि शेवटचा एम म्हणजे मझललोडर, आपली ठासणी. पहिल्या वर्षी मी नावाजलेला विभाग टाकला आणि पदरी फक्त एक प्रेफरन्स पॉइंट, म्हणजे पुढच्या सोडतीतल्या प्राधान्याचा गुण, पडला. दुसऱ्या वर्षी हाव सोडून कमी मागणीचा विभाग टाकला, तेव्हा नंबर लागला.

खरा वेळ गेला तो रेंजवर. ऐंशी ग्रेन दारू, गोळी, गज, टोपी, ठो! मग धूर विरेपर्यंत थांबायचं, नळी पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तासाभरात दहा-बारा बार झाले तरी पुष्कळ. पन्नास यार्डांवर माझ्या गोळ्या एका बशीत मावतात, शंभरावर परातीत. म्हणून पंचाहत्तरच्या पलीकडे चाप ओढायचा नाही, हे मी स्वतःशी ठरवून टाकलं. घरी आल्यावर नळी गरम साबणाच्या पाण्यानं धुवायची, नाहीतर रातोरात गंज चढतो. बायको म्हणते, भांडी घासताना इतका उत्साह कधी दिसला नाही.

विमानाचा बेत दारूपायी बारगळला. कुलूपबंद पेटीत बंदूक जाते, पण दारू आणि टोप्या सामानात कुठेच चालत नाहीत. शेवटी हजार मैल गाडीनं जायचं ठरलं. गाडीत बंदुकीची टोपी उतरवलेली हवी, शिकारीला अंगावर किमान ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड, शिवाय डोक्यावर त्याच रंगाची टोपी. हरणांमधल्या सीडब्ल्यूडी या मेंदूच्या संसर्गजन्य रोगामुळे मेंदू आणि कणा तिथेच सोडून हाडं काढलेलं मांस तेवढं आणायचं, म्हणून दोन मोठे आइसबॉक्स घेतलेत.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मुक्या जनावराच्या मागे एवढा खर्च? आणि तिकडे पोलीस नाही पकडत?" तिच्या डोक्यात आपला १९७२चा वन्यजीव कायदा. परवान्याचा फोटो पाठवला, तरी तिचं समाधान झालेलं नाही.

आता काळजी आहे ती माझ्या फुप्फुसांची. ह्यूस्टन जवळजवळ समुद्रसपाटीवर, आणि सप्टेंबरात मोठे नर अकरा-बारा हजार फुटांवर झाडं संपतात तिथे चरत असतात. रोज संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगचे सात मजले पाठीवर वीस पौंड तांदूळ घेऊन चढतोय. सुरक्षारक्षकानं दोनदा हटकलंय. हंगामाच्या तीन दिवस आधी पोचून नऊ हजार फुटांवर तंबू टाकणार, आणि पहिले दोन दिवस नुसता पाणी पीत बसणार.