परड्यातल्या खारी आणि मूठभर शेंगा

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला. मागे परडं आहे. एक चिक्कू, एक शेवगा, पेरू, भिंतीला लागून देशी बदाम आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकांचं जांभूळ. खारी इथे आम्ही राहायला यायच्या आधीपासूनच्या. पण त्यांच्याकडे लक्ष जायचं कारण घडलं सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनमुळे. त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली. टीव्ही त्यांना आवडत नाही, जप उरकला की दिवस खायला उठतो. एका सकाळी म्हणाल्या, "अगं, त्या खारींना काहीतरी टाकत जा की. इथून दिसतील मला."

मी एका ताटलीत शेंगदाणे घालून ती खिडकीखाली ठेवली, म्हणजे त्यांना मान वळवायला नको. दाणे कावळ्यांनी नेले. दुसऱ्या दिवशी साळुंक्यांनी. खारी बदामाच्या खोडावर डोकं खाली करून चिकटल्यासारख्या थांबायच्या, शेपटी झटकायच्या आणि वर पळायच्या. असं बरेच दिवस चाललं. मला वाटत होतं की माणसाची सवय व्हायला वेळ लागत असेल. सासूबाईंचं निरीक्षण वेगळं होतं. दिवसभर दुसरं काही बघायला नसलेलं माणूस जे बघतं, ते कामाच्या घाईतल्या माणसाला दिसत नाही. त्या म्हणाल्या, "ताटलीकडे बघतच नाहीत त्या. ताटलीपासून झाड किती लांब आहे ते बघतात."

बरोबर होतं ते. खिडकीखालून बदामाच्या खोडापर्यंत चांगली दहा-बारा पावलं मोकळी फरशी. जेमतेम शंभर ग्रॅमचा जीव तो. मधे मांजर आलं तर संपलंच. मग ताटली थोडी थोडी सरकवत नेली आणि शेवटी कुंपणाच्या भिंतीवर, बदामाच्या खोडापासून दोन हातांवर, जुन्या पाटाची एक फळी बसवली. वर बदामाची पानं, म्हणजे शिक्र्याला वरून सरळ झडप घालता येत नाही. शिक्रा आमच्याकडे आहे, एकदा काकांच्या जांभळातून खार उचलून नेताना पाहिला आहे. भिंतीच्या बुडाशी गवती चहाचं मोठं बेट होतं, त्यात शेजारपाजारचं एक बोकं दबा धरून बसायचं. ते बेट उपटून पुढच्या अंगणात लावलं. खरा फरक पडला तो यानंतर. फळीवर पहिली खार आली, एक दाणा उचलला आणि खोडावर जाऊन खाल्ला. मग हळूहळू फळीवरच मागच्या पायांवर बसून, दोन्ही हातांत धरून, बायका शेंगा फोडत गप्पा मारतात तसं चालू झालं. फळी खिडकीपासून लांब गेली, पण सासूबाईंची तक्रार नव्हती. त्यांनी मुलाची जुनी दुर्बीण मागून घेतली.

काय घालायचं, हा प्रश्न यानंतरचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण आपलं आपलं सांगत होता. पोळीचे तुकडे घाला, बिस्किटं घाला, उरलेला चिवडा घाला, दूधभात घाला. खारी यातलं सगळं खातात, हीच पंचाईत आहे. एखादी वस्तू आवडीने खाल्ली म्हणजे ती तिला मानवते असं नाही, हे घरात लहान मूल असलेल्या कुणालाही सांगायला नको. खारे दाणे, फरसाण, चिवडा हे मी पूर्ण बंद ठेवलं, कारण मीठ आणि तेल. बिस्किटं आणि पाव म्हणजे नुसतं पोट भरणं.

कच्च्या शेंगा मात्र घालते, आणि टरफलासकट. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडून कुरतडून ते झिजवावे लागतात. सोललेले दाणे घातले की ती बसल्या जागी वाटी रिकामी करते. शेंग घातली की तिला काम मिळतं, आणि एका शेंगेला वेळही लागतो. अर्थात शेंगा म्हणजे पूर्ण आहार नाही. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. म्हणून मूठभर, त्याहून जास्त नाही, बाकी त्यांचं त्यांनी मिळवायचं. अधूनमधून पेरूची फोड, काकडी, भिजवलेले हरभरे, कणसाचा तुकडा. समुद्रफेसाचा एक तुकडाही फळीला तारेने बांधून ठेवलेला आहे. पोपटांच्या पिंजऱ्यात लोक अडकवतात तोच, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. त्यावर दातांच्या खुणा दिसतात, तेव्हा कुणीतरी कुरतडत असणार.

शेंगांच्या बाबतीत एक गोष्ट पावसाळ्यात फार सांभाळावी लागते. सातारचा पाऊस म्हणजे डब्यातल्या शेंगाही सर्द होतात. बुरशी आलेल्या शेंगेत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते माणसाच्या यकृताला वाईट आणि खारीच्याही. वास कुबट आला, दाणा काळपट किंवा हिरवट दिसला की ती शेंग टाकायची. "आपल्याला नको, खारींना टाक" हा हिशेब इथे चालत नाही. ओलं दिसलं तर पावसात फळीवर काही ठेवतच नाही.

सासूबाई खारींना ओळखू लागल्या. एकीची शेपटी अर्धी तुटलेली, ती लांडी. एक फार भांडखोर, फळीवर दुसरीला टिकूच द्यायची नाही, तिला त्यांनी आमच्या एका नातेवाईक बाईंचं नाव दिलं, ते इथे लिहीत नाही. भांडणं बघून मी बदामाच्या दुसऱ्या बाजूला एक करवंटी टांगली. एका ठिकाणी सगळं ठेवण्यापेक्षा दोन ठिकाणी थोडं थोडं ठेवलं की कमी ताकदीच्या खारीलाही काही मिळतं.

पाठीवरचे पट्टे मोजायचं कामही दुर्बिणीमुळे झालं. आमच्या खारी तीन पट्ट्यांच्या. रामाने सेतू बांधताना वाळूचा कण आणणाऱ्या खारीच्या पाठीवरून बोटं फिरवली ती गोष्ट सासूबाईंनी अर्थातच सांगितली. मी म्हटलं, पाच पट्ट्यांचीही खार असते, आपल्या देशातल्या कोरड्या भागात ती जास्त दिसते. क्षणभर विचार करून म्हणाल्या, "तिने दोन कण जास्त आणले असतील." त्या पाचपट्टीवाल्या खारी ऑस्ट्रेलियात पर्थलाही आहेत, 1898 च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयातून सोडलेल्यांचा वंश. हे सांगितल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

राज्यप्राण्याचा मान शेकरूला मिळाला, ते ठीकच आहे. महाबळेश्वरला जाताना दिसलं तर गाडी थांबवून लोक बघतात. पण दारातली खार कुणी मान वर करून बघत नाही.

मधे एक प्रसंग झाला. पेरूवर बुलबुलाने घरटं केलं होतं. एका दुपारी लांडी त्या घरट्यात तोंड घालून बसलेली सासूबाईंना दिसली. अंडी खाल्ली. खारी बिया, फळं, कळ्या, फुलांतला मध यांवर जगतात, पण किडे, अळ्या आणि संधी मिळाली तर अंडीही सोडत नाहीत. सासूबाई माळकरी. संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंगा ठेवायला निघाले तर खाटेवरून म्हणाल्या, "तिला थोड्या कमीच ठेव." लांडीसाठी वेगळं ताट नव्हतं, त्यामुळे ती शिक्षा सगळ्यांनाच झाली असती. मी नेहमीइतक्याच ठेवल्या.

पाणी हा माझ्या मते खाण्यापेक्षा महत्त्वाचा भाग. काकांच्या बागेत ठिबकची नळी होती, ती उन्हाळ्यात खारी ठिकठिकाणी कुरतडायच्या. नळीच्या प्लास्टिकची आवड म्हणून नव्हे, आतल्या पाण्यासाठी. आम्ही मातीची उथळ परात भिंतीवर ठेवली, आत एक चपटा दगड, म्हणजे पिल्लू पडलं तरी बाहेर येईल. त्यानंतर काकांच्या नळीला भोकं पडायची कमी झाली, हे त्यांनीच येऊन सांगितलं. पाणी रोज ओतून टाकायचं आणि परात घासायची. नगरपालिकेची माणसं कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात, ते पक्ष्यांच्या भांड्यालाही लागू आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

दुसरी शिस्त वेळेची. खारी उजेडात फिरणाऱ्या. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि चार वाजल्यानंतर त्यांची धावपळ असते, भर दुपारी सावलीत फांदीवर आडव्या पडतात. म्हणून खाणं फक्त सकाळी, आणि दिवेलागणीच्या आत फळी झाडून टरफलं उचलायची. हे नाही केलं तर रात्री घुशी आणि उंदीर येतात, आणि उंदरांबरोबर लेप्टोचं दुखणं दारात. खारींना खायला घालणाऱ्या लोकांवर शेजारी रागावतात ते बहुतेक वेळा खारींमुळे नाही, या उरलेल्या खाण्यामुळे.

सुट्टीत माझा भाचा आला होता. त्याला खार तळहातावर बसवून व्हिडिओ काढायचा होता. मी नाही म्हटलं आणि त्याने दोन दिवस तोंड फुगवलं. माणसाच्या हाताला सरावलेली खार पुढे कुणाच्याही हाताकडे जाते, आणि प्रत्येक हात भाच्याचा नसतो. शिवाय चावली तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुऊन डॉक्टर गाठायचा, हे सगळं एका व्हिडिओसाठी कशाला? त्याला दुर्बीण दिली. पहिले दहा मिनिटं कुरकुरला. मग त्याच्याच लक्षात आलं की सातभाईंनी कलकलाट केला की फळीवरच्या खारी लगेच खोडाला लागतात, आणि खारी चिक्‌ चिक्‌ करू लागल्या की सातभाई झुडपात शिरतात. म्हणजे पहारा सामायिक. एकदा त्या चिकचिकीचा रोख बघत गेलो तर पत्र्यावर धामण पसरलेली.

घरटं केलं ते आमच्या सोलरच्या टाकीखाली. गरम पाण्याच्या पाइपावरचा फोम, फरशी पुसायच्या मॉपचे दोरे, काथ्याच्या पायपुसण्याचे धागे, सगळं त्यात. प्लंबर म्हणाला, काढून टाकतो. आत डोळे मिटलेली पिल्लं होती. दोन होती की तीन ते नीट बघता आलं नाही, आम्ही हात लावला नाही. आई एकटीच वाढवते पिल्लांना, नर त्या कामात नसतो. प्लंबरला पुढच्या महिन्यात बोलावलं. पिल्लं बाहेर पडल्यावर पाइप पत्र्याच्या पन्हळीने झाकून घेतला. त्याचा खर्च आला, तो मी ह्यांना सांगितला नव्हता, आता वाचतील.

आम्हाला मुलीकडे बंगळूरला महिनाभर जायचं होतं तेव्हा सासूबाईंना घोर लागला की खारी उपाशी राहतील. जायच्या आधी दोन आठवडे शेंगा कमी कमी करत बंद केल्या, पाण्याची परात काकांकडे सोपवली. परत आलो तर खारी होत्या तशाच, शेवग्याच्या फुलांवर ताव मारत होत्या. मूठभर शेंगांवर त्यांचं पोट कधी अवलंबून नव्हतंच. ते तसं राहावं म्हणूनच मूठ मोठी करायची नाही. शेवगा, पेरू, बदाम ही झाडं जागेवर आहेत तोवर फळी रिकामी राहिली तरी चालतं. यंदा मागच्या कोपऱ्यात उंबराचं रोप लावलं आहे. सासूबाई म्हणतात, उंबर घराजवळ नको. अजून वाद चालू आहे.

चिक्कूंचं नुकसान होतं, ते होतंच. पिकायला आलेलं फळ अर्धं खाऊन सोडतात, तेही नेमकं मोठं. खालच्या फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधते, वरच्या त्यांच्या. शेजारचे काका पूर्वी यावरून मला बोलायचे की तुम्ही लाड करता आणि फळं आमची जातात. ठिबकच्या नळीनंतर त्यांचा सूर बदलला. गेल्या आठवड्यात भिंतीवरून हाक मारून विचारत होते, आमच्या बाजूलाही एक परात ठेवायची म्हणतोय, जांभळाखाली ठेवू की टाकीजवळ? मी म्हटलं, काका, बोकं तुमच्याकडे कुठे बसतं ते आधी चार दिवस बघा, मग सांगते.