आवाज कळतच नाही

मंगळवार, रात्री उशिरा

"तुमचा आवाज अगदी कळतच नाही हो. इतका मस्त मिसळतो!"

रविवारी कार्यक्रम संपल्यावर विंगेत एक काकू मला असं म्हणाल्या. हात हातात घेऊन, अगदी मनापासून. मी हसले, "थँक्यू काकू" म्हटलं, मानधनाचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि ठाणे स्टेशन गाठलं. डोंबिवलीपर्यंत उभ्यानेच यावं लागलं. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. आज मंगळवार.

बरं, काकूंचं चुकलं काय? मी कोरसमध्ये गाते, आणि कोरसचं कामच ते. ताई, म्हणजे मुख्य गायिका, ध्रुवपद उचलणार, आम्ही खालून सूर धरायचा. त्यांनी श्वास घेतला की पडलेली फट आम्ही भरायची, आणि फट पडली होती हे तिसऱ्या रांगेतल्यालाही कळता कामा नये. दोघींत एक माईक, त्यामुळे कुणी किती मागे सरकायचं हे डोळ्यांनीच ठरतं. ओळीच्या शेवटी 'स' आला तर तो एकीनेच म्हणायचा, दुसरीने आधीच्या स्वरावर सोडून द्यायचं. नाहीतर समोर नुसतं फुसफुस ऐकू येतं. हे सगळं जमलं म्हणून तर काकूंना माझा आवाज कळला नाही. पैकीच्या पैकी मार्क.

मग रात्री भांडी घासताना डोळे का भरून आले?

माझ्या माईकवरच्या जोडीदारणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आमटीतला गूळ आपण. वेगळा कळला तर आमटी बिघडली." तिचं काय, ती कधीच मनाला लावून घेत नाही. आणि गुळाला कुणी विचारलंय का?

असं झालं की मी लूथर व्हॅन्ड्रॉस या अमेरिकन गायकाची गाणी लावून बसते. घरात सगळ्यांना माहीत आहे, हेडफोन घालून बसले की चहासुद्धा विचारत नाहीत. या माणसाचा आवाज मखमली वगैरे म्हणतात ते खरंच, पण मला त्याचं आधीचं आयुष्य जास्त जवळचं वाटतं. न्यूयॉर्कचा मुलगा, वडील लहानपणीच मधुमेहाने गेलेले. ऑगस्ट 1974 मध्ये फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत डेव्हिड बोवी या ब्रिटिश रॉक गायकाचं रेकॉर्डिंग चाललेलं. लूथर तिथे गायला गेलाच नव्हता. त्याचा दोस्त कार्लोस अलोमार गिटार वाजवत होता, म्हणून हा नुसता सोबत. बसल्याबसल्या त्याने अलोमारच्या बायकोला, रॉबिनला, ध्रुवपदात असं असं घालायला हवं म्हणून गाऊन दाखवलं. ते बोवीच्या कानावर पडलं. झालं, लूथर माईकसमोर! त्याचं स्वतःचं एक गाणंही बोवीने घेतलं, शब्द बदलून. 'फॅसिनेशन' नावाने ते 1975 च्या रेकॉर्डवर आलं आणि श्रेय दोघांच्या नावावर आलं.

पुढे दौऱ्यात बोवीच्या आधी लूथर गायचा, तेव्हा लोक बोवीच्या नावाने ओरडत बसायचे. हे वाचलं तेव्हा मला गुदगुल्याच झाल्या. आमच्याकडे निदान ओरडत तरी नाहीत. कोरसकडे बघायचं नाही एवढंच.

त्यानंतर दोनदा त्याने स्वतःच्या नावाचा बँड काढून रेकॉर्ड केली, 1976 आणि 1977 ला. दोन्ही पडल्या. पठ्ठ्या परत मागच्या माईकवर गेला. गायिका बेट मिडलर, शिक हा डिस्को बँड, आणखी कोण कोण. शिवाय जाहिराती: च्युइंग गम, तळलेली कोंबडी, बिअर. जाहिरातींनी खिसा चांगलाच भरला. त्यातलेच पैसे घालून त्याने स्वतःचं रेकॉर्डिंग केलं, कारण कंपन्यांनी दिलेला निर्माता त्याला नको होता, सूत्रं स्वतःच्याच हातात हवी होती. 1981 मध्ये 'नेव्हर टू मच' ही त्याची रेकॉर्ड आली तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

तीस! मी तिशीत काय करत होते ते लिहायला घेतलं तर ही वही पुरायची नाही.

फोनमध्ये माझ्या चाली आहेत. गच्चीत, बाथरूममध्ये, एकदा तर रिक्षात गुणगुणून ठेवलेल्या. एक दादांना ऐकवली होती. ते म्हणाले, "चाल बरी आहे, पण तुझा स्वतःचा आवाज कुठला?" त्या दिवसापासून फोनचं ते फोल्डर मी उघडलेलं नाही.

काकूंचं वाक्य एवढं लागलं ते बहुधा याच्यामुळे. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या आवाजाच्या मापाने आपला आवाज कातरत गेलं की उरतं काय? ताईंसोबत गाताना माझा आवाज किंचित नाकातून येतो, कारण त्यांचा येतो. सरांच्या भक्तिगीतांच्या कार्यक्रमात छातीतून. लग्नाच्या संगीताला गेलो तर आणखी तिसराच. परवा एकटी स्वयंपाक करताना गात होते तर मला कळेना, हा आत्ता कुणाचा लावलाय?

लूथरचं असं झालं नसेल का? जाहिरातीत कोंबडीचा आवाज, बोवीमागे बोवीचा. पण त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डवरचा कोरस ऐकला की वाटतं, तो मागच्या माईकवरून पुढे आला असं काही झालंच नाही. तिथेही मागे तोच गातोय, पुढेही तोच. सिसी ह्यूस्टन, फॉन्झी थॉर्न्टन वगैरे गाणारी मंडळी सोबत, आवाजांची मांडणी याची. एकेक 'ऊ' कसा येतो! आधी नुसती हवा, मग सूर, मग कडेने हळूच दुसरा सूर. असा 'ऊ' फक्त कोरसवाल्यालाच सुचतो. आज तोच तुकडा मी मागे घेऊन घेऊन ऐकला. तिसरा आवाज कुठून शिरतो ते मला कळलंच नाही.

आणि मी मोठ्याने म्हणाले, "अरे, कळतच नाही!"

काकूंसारखी. त्याच सुरात, तेवढ्याच कौतुकाने.

स्वतःशीच हसू आलं मग. नवरा आतून विचारतोय काय झालं, त्याला काय सांगणार!

लूथरच्या मागे गाणारी लिसा फिशर तर आणखी वेगळी. स्वतःची रेकॉर्ड काढली, 1992 ला ग्रॅमी हे संगीतातलं मोठं पारितोषिकसुद्धा घेतलं, म्हणजे पुढे येऊन उभीच राहिली. तरी लूथरकडे आणि रोलिंग स्टोन्स या रॉक बँडकडे वर्षानुवर्षं कोरस गात राहिली. लोक हे हळहळीच्या सुरात सांगतात. मला पूर्वी तसंच वाटायचं, आज तेवढं वाटत नाहीये. उद्या परत वाटेल, माझा भरवसा नाही. लूथरला 'साँग ऑफ द इयर'चं ग्रॅमी 2004 मध्ये मिळालं, वडिलांच्या आठवणीवरच्या गाण्यासाठी. पक्षाघातामुळे त्याला समारंभाला जाता आलं नाही. पुढच्याच वर्षी तो गेला, चोपन्नाव्या वर्षी. हे आठवलं की माझी सगळी रड एकदम फालतू वाटते, आणि दुसऱ्याच्या दुःखाने आपली रड फालतू ठरवायची ही सवयही मला आवडत नाही.

एवढं लिहितेय तोवर सरांचा मेसेज आला. शनिवारी रिहर्सल, नवीन मुलगी लीड गाणार आहे, एकविशीची, टीव्हीवर येऊन गेलेली. "तिसऱ्या अंतऱ्यात तुमचा ऊ हवाय, तुमच्यासारखा कुणी लावत नाही."

म्हणजे सरांना कळतो तर!

"येते सर" असं लिहिलं. मग पुसलं, आणि आधी मानधन विचारलं. रिक्षाचे वेगळे.