ग, श, स घेऊन आलेलं गिऱ्हाईक

फेब्रुवारीत शेवंती ओसरते आणि मोगरा अजून यायचा असतो, त्यामुळे नर्सरीत सकाळी गिऱ्हाईक जेमतेम. त्या दिवशी यास्मीन पाइप ओढत कुंड्यांना पाणी घालत होती, तेवढ्यात गेटपाशी रिक्षा थांबली. दांडिया बाजारातल्या एक आजी आणि त्यांची लेक माधवीताई उतरल्या. आजींना नात झाली होती. बारशाला साठ माणसं येणार, जाताना प्रत्येकाच्या हातात एक रोप द्यायचं, आणि रोप बाळाच्या नावाचंच हवं. हल्ली बडोद्यात अशा ऑर्डरी येतात, त्यात नवल नाही.

“नाव काय?” मी वही उघडली.

“तेच ठरत नाहीये,” माधवीताई म्हणाल्या. “रास कुंभ. ग, श, स. तुमच्याकडं या अक्षरांचं काय काय आहे ते दाखवा, त्यातलंच एक ठेवू.”

सून गुजराती होती, त्याचा हा घोळ. आपल्यात नक्षत्राच्या चरणावरून आलेलं नावरस नाव पत्रिकेत पडून राहतं आणि हाक मारायला वेगळं नाव असतं. त्यांच्यात मात्र बहुतेक घरी राशीच्या अक्षराचंच नाव दाखल्यावर चढतं. नाव ठेवायचा मान दोन्हीकडं बापाच्या बहिणीचा, आपली आत्या म्हणजे त्यांची फोई, एवढं एक बरं. म्हणजे अधिकार माधवीताईंचा, आणि नकाराधिकार अर्थातच आजींचा.

गुलाबापासून सुरुवात केली. आजी थांबल्यासुद्धा नाहीत. “आमच्या शेजारी गुलाबभाई आहेत.” हे गुजरातेत राहिल्याशिवाय कळत नाही. आपण फुलं मुलींना देतो आणि मुलांसाठी राजीव, अरविंद, पंकज अशी कमळं तेवढी राखून ठेवतो. इथं चंपकलाल आणि गुलाबचंद पेढीवर बसलेले असतात. शेवंती आजींच्या मावशीचं नाव, म्हणून बाद. सायली माधवीताईंच्या ऑफिसात आधीच दोन. “तुमची ही यास्मीन, तिचं नाव पण फुलाचंच ना?” त्यांनी विचारलं. फारसीतली चमेलीच ती, पण अक्षर य. उपयोग नाही.

मग शेफाली. म्हणजे आपला पारिजातक. फेब्रुवारीत त्याची रया गेलेली असते, फूल नाही, पानं पॉलिशपेपरसारखी खरखरीत. आजींनी पान चिमटीत धरून सोडून दिलं. “रात्री फुलायचं आणि उजाडता गळायचं. पोरीला हे नाव नको.” खाली पडलेलं असूनही देवाला चालतं, हा त्या फुलाचा मान मी सांगून पाहिला. नाही म्हणजे नाही. शमीच्या रोपापाशी मी स्वतःच फार थांबले नाही. पांडवांनी शस्त्रं ठेवली ती शमी आपल्याला दसऱ्याला आठवते, पण गुजरातीत तो खीजडो, आणि खीजड्यावर भूत राहतं अशी इकडं समजूत. बारशात विहीणबाईंशी तंटा कशाला?

मागच्या वाफ्याकडं जाताना मांडवावरच्या वेलीखाली माधवीताई थबकल्या. वास कसला येतोय म्हणाल्या. मी एक घोस खाली ओढला. पांढऱ्या पाकळ्या, कडा झालरीसारख्या कातरलेल्या, पाचांपैकी एकीवर तेवढा पिवळा डाग.

“ही माधवी. तुम्हीच.”

“मी तर मधुमालती समजत होते, ती गुलाबी होणारी!”

बरेच जण समजतात. मधुमालती निराळी. माधवी वसंतात फुलते आणि मग तिला तीन पंखांची फळं धरतात, वाऱ्यावर गरगरत लांब जाऊन पडतात. ताईंनी फोन काढून फोटो घेतले, घोस केसात खोचला. आजींना मग राहवलं नाही. “आमच्या ह्यांचं नाव अशोक. घर बांधलं तेव्हा फाटकाच्या दोन्ही बाजूंना अशोक लावले.” उंच, सरळ, लांब कुरळ्या पानांचे? हो, तेच. आता काय सांगायचं! तो आसोपालव, सणाला दारावर ज्याचं तोरण लागतं तो. खरा सीताअशोक ठेंगणा, केशरी-तांबड्या गुच्छांचा. त्याची कुंडी दाखवली तर आजी म्हणाल्या, “एवढ्या वर्षांनी नवरा बदलू की झाड?”

शेवटी उरली शाल्मली. सावर. रोप दोन वर्षांचं, खोड अंगठ्याएवढं, आणि त्यावर खालपासून वरपर्यंत शंकूसारखे टोकदार काटे. मी दाखवणारही नव्हते, माधवीताईंनीच पाटी वाचली. त्यांना नाव ऐकताक्षणीच आवडलं. आजींनी काट्याला बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. “नरकात असते ती शाल्मली. पापी माणसांना तिथं टाकतात.”

खोटं नव्हतं ते, शाल्मली नावाचा नरक सांगितलेला आहे. पण सप्तद्वीपांतलं एक द्वीपही शाल्मलीच. आणि काटे कोवळ्या खोडाला असतात, बुंधा जाड होत गेला की झडत जातात. हे सगळं सांगून पाहिलं. आजी ढिम्म. मग मी त्यांना गेटबाहेर नेलं. रस्त्यापलीकडं जुनी सावर आहे. अंगावर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यांतल्या मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कावळे, नुसता कलकलाट. एक फूल थपकन आमच्यापुढं पडलं, मूठभर जाड. आजी वर बघत राहिल्या.

“हितोपदेशात गोदावरीच्या काठी पक्ष्यांचं झाड आहे, ते कुठलं गं?”

“हेच. शाल्मलीच.”

“आमच्या नाशकाची गोदावरी,” आजी लेकीला म्हणाल्या. जणू झाडाच्या माहेरचा पत्ता लागला. तिथल्या तिथं सुनेला फोन झाला. तिच्या आईनं मागून “शीमळो? काँटावाळो?” विचारलेलं मलाही ऐकू आलं, पण सुनेची शंका एवढीच की इंग्रजीत कसं लिहायचं.

आता साठ सावरी काढा म्हणाल्या. मी साफ नाही म्हटलं. पैसे कुणाला नको असतात? पण हे झाड सहज 25 मीटरच्या वर जातं आणि पाहुण्यांपैकी निम्मे फ्लॅटमध्ये राहणारे. बाल्कनीत मरायला मी रोप देत नाही. बरीच हुज्जत झाली. शेवटी साठ सदाफुली ठरल्या, स तरी जुळला, आणि सावर एकच, पादरा गावच्या त्यांच्या शेतावर बांधाला लावायला. विहिरीपासून आणि घरापासून लांब लावा, हे मी पावतीच्या मागं लिहून दिलं.

बारशाला मलाही बोलावणं होतं. “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” झालं, मग सुनेच्या माहेरच्यांनी बाळाला ओढणीच्या झोळीत झुलवून “ओळी झोळी पीपळ पान” म्हटलं. मुळात वडावरून नाव पडलेल्या गावात पिंपळालाही जागा मिळाली. माधवीताईंनी बाळाच्या कानात शाल्मली सांगितलं, पाठीत धपके खाल्ले, आणि जेवणाची पानं वाढेपर्यंत घरभर तिची शालू झाली होती.

त्याच आठवड्यात एक काका नर्सरीत आले. त्या बारशाला होते म्हणे. राशी कर्क, अक्षरं ड आणि ह, बतावो.

डाळिंब, हळद, हिरडा. पुढं सुचेना.

“नातू आहे,” काका म्हणाले.